विरोधाचा ठराव झाला, अटींचा कागद कुठाय?

गेल्या ग्रामसभेला हाय टेन्शन लाइनचा विषय अकरा वाजता आला आणि अकरा वीसला संपला. त्याआधी अर्धा तास कोरमसाठी बसलो होतो आणि त्यानंतर पाऊण तास कचऱ्याच्या शेडवर भांडण चाललं, म्हणजे कशाला किती वेळ मिळाला ते बघा. विषय असा की दोनेक महिन्यांपूर्वी दोन पोरं जीपीएसची काठी घेऊन डोंगराच्या कडेकडेने फिरली, काजूच्या भाटांत (बागायतींत) चार-पाच ठिकाणी लाल रंग लावलेले खुंटे मारून गेली, विचारलं तर सर्व्हे म्हणाली, कसला सर्व्हे तर लाइनचा, कुठली लाइन तर ते साहेबांना विचारा. साहेब कुठे बसतात ते पोरांनाही माहीत नव्हतं, ती सबकॉन्ट्रॅक्टरच्या सबकॉन्ट्रॅक्टरची माणसं. मग पंचायतीने पत्र पाठवलं, उत्तरात एक नकाशा आला आणि सेक्रेटरीने त्याची ए-फोरवर झेरॉक्स काढून ग्रामसभेत फिरवली.

त्या नकाशात आमचा गाव अंगठ्याच्या नखाएवढा आणि त्याच्यावरून एक रेघ. मागच्या बाकावर एक आजी बसली होती, तिचं कुळागर, म्हणजे पोफळी-मसाल्याची बाग, त्याच बाजूला, तिने विचारलं, "ही रेघ माझ्या बांयच्या अल्याड जाते की पल्याड?" सरपंचाने कागद जवळ धरला, लांब धरला, एका पंचाने मोबाइलवर फोटो काढून मोठा करून बघितला, रेघ फक्त जाड झाली. कोणालाच सांगता आलं नाही आणि सांगता येणं शक्यच नव्हतं. मूळ नकाशाचं स्केल एकास पन्नास हजार, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर ५० मीटर. ४०० केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) लाइनला मोकळा पट्टा लागतो ४६ मीटरचा, २२० केव्हीला ३५ मीटरचा. म्हणजे पेनच्या एका रेघेच्या जाडीतच अख्खा पट्टा बसला आणि त्या जाडीत आजीची विहीर, पंपाची खोली, पोफळींच्या चार ओळी आणि गोठा सगळंच असू शकतं, किंवा यातलं काहीच नसू शकतं.

यावर खरं तर तासभर बोलायला हवं होतं. पण कोणीतरी मागून "विरोध, विरोध" म्हणून ओरडलं, सेक्रेटरीने "सदर लाइनला ग्रामसभेचा तीव्र विरोध आहे" असं लिहून वाचून दाखवलं, टाळ्या पडल्या, झालं. मी पण हात वर केला, खोटं कशाला बोलू. विरोध आहेच माझा, निदान या रेघेला आहे.

पण घरी येताना वाटत राहिलं की आपण त्यातल्या त्यात सोपं काम तेवढं उरकलं. गोव्यात १९१ पंचायती आहेत आणि "तीव्र विरोध" हे दोन शब्द प्रोसिडिंग बुकात नाहीत अशी एखादी सापडली तर मला सांगा. आम्ही विरोधाचा ठराव घेतो, त्याची कॉपी बीडीओला, कलेक्टरला, आमदाराला जाते, पेपरात दोन कॉलमची बातमी येते आणि सहा-आठ महिन्यांनी पोलिस बंदोबस्तात जेसीबी येतो, तेव्हा आपल्या हातात त्या बातमीचं कात्रण असतं. माझं म्हणणं एवढंच की पंचायतीने विरोध जरूर करावा, पण त्याच बैठकीत, त्याच वहीत, काम झालंच तर ते कसं व्हायला हवं याच्या अटी पण लिहून ठेवाव्यात, कारण कायद्यात पंचायतीला "नको" म्हणायला जागा जवळजवळ नाही पण "असं नको, तसं करा" म्हणायला बरीच आहे आणि ती जागा आम्ही रिकामी सोडतोय.

आता कायदा काय म्हणतो ते बघू, थोडं किचकट आहे पण हेच खरं गमक आहे. वीज कायदा २००३ चा. त्याच्या कलम १६४ प्रमाणे सरकार लाइन टाकणाऱ्या कंपनीला तार खात्याचे अधिकार देऊ शकतं, तार खातं म्हणजे तेच, १८८५ चा इंडियन टेलिग्राफ अ‍ॅक्ट, जेव्हा गोव्यात पोर्तुगीज होते आणि तो कायदा इथे लागू पण नव्हता. एकदा ते अधिकार मिळाले की खाजगी जमिनीत टॉवर उभारायला मालकाची आधी संमती लागत नाही, सुप्रीम कोर्टानेही २०१६ मध्ये हेच सांगितलं. मालकाने अडवलं तर जिल्हा दंडाधिकारी हुकूम काढतो. भरपाई कमी वाटली तर जिल्हा न्यायाधीशाकडे जा, पण काम थांबत नाही. जमीन तुमच्याच नावावर राहते, ती संपादित होत नाही, फक्त वापराचा हक्क जातो, म्हणजे उताऱ्यावर नाव तुमचं आणि डोक्यावर तार त्यांची.

पर्यावरण परवानगीची जनसुनावणी? ती पण नाही. २००६ च्या ईआयए अधिसूचनेत कोणकोणत्या प्रकल्पांना आधी परवानगी लागते त्याची यादी आहे, ट्रान्समिशन लाइन त्या यादीतच नाही. आणि जंगलजमीन असेल तर ग्रामसभेची संमती? २०१३ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने नियमगिरीच्या बॉक्साइट खाणीचा निर्णय तिथल्या ग्रामसभांवर सोपवला आणि बारा गावांनी एकजात नाही म्हटलं, त्याचे दाखले आपण भाषणांत नेहमी देतो. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने परिपत्रक काढून रस्ते, कालवे, वीजवाहिन्या असल्या लांबट प्रकल्पांना ग्रामसभेच्या संमतीच्या अटीतून सूट देऊन टाकली होती, अतिमागास आदिवासी समूहांचा अपवाद ठेवून. नियमगिरीचा दाखला देऊन टॉवर थांबेल असं सांगणाऱ्या माणसाला हे परिपत्रक माहीत नसतं, किंवा माहीत असून तो सांगत नाही.

राज्यघटनेची अकरावी अनुसूची उघडा, पंचायतीकडे द्यायचे २९ विषय, त्यात चौदावा ग्रामीण विद्युतीकरण, वीज वितरणासह. वितरण. पारेषण नाही. म्हणजे गल्लीतल्या दिव्याचा खांब पंचायतीचा विषय पण त्या दिव्यापर्यंत वीज आणणारा पन्नास मीटरचा टॉवर नाही. आणि दिव्याच्या खांबावर तरी पंचायतीचं किती चालतं ते आपल्याला माहीत आहेच.

एवढं सगळं वाचून माणूस हात टेकेल. पण त्याच १८८५ च्या कायद्याचं कलम १० नीट वाचा. त्यात खाजगी मालकाला विचारायची गरज ठेवलेली नाही, पण स्थानिक संस्थेच्या ताब्यातली किंवा व्यवस्थापनाखालची मालमत्ता असेल तर त्या संस्थेच्या परवानगीशिवाय हे अधिकार वापरायचे नाहीत असं स्पष्ट म्हटलंय. आणि पुढे कलम १२, जे मी तरी कुठल्याही ठरावात आजवर बघितलं नाही, ते म्हणतं की स्थानिक संस्था ही परवानगी वाजवी अटी घालून देऊ शकते, खर्चाबद्दल, कामाच्या वेळेबद्दल आणि पद्धतीबद्दल, कामाशी संबंधित कुठल्याही गोष्टीबद्दल. ब्रिटिशांच्या कायद्यात आहे हे. कंपनी आणि स्थानिक संस्थेत वाद झाला तर तो कोणी सोडवायचा तेही पुढे कलम १५ मध्ये आहे. आता २०२३ चा टेलिकॉम कायदा आल्यापासून त्या जुन्या कायद्याची पानं बदलतायत, नव्यातही सार्वजनिक मालमत्तेसाठी ती ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडे अर्ज करायची पद्धत आहेच, पण ठरावात कलमाचा आकडा घालायच्या आधी वकिलाला एकदा दाखवा, आकडा चुकला म्हणून ठराव फेकून द्यायला लोक टपलेलेच असतात.

मग प्रश्न येतो की पंचायतीच्या मालकीचं आहे तरी काय. इथेच आमची बोंब आहे. गावातला कुठला रस्ता पंचायतीचा आणि कुठला सार्वजनिक बांधकाम खात्याचा हे आमच्या सात पंचांपैकी दोघांना पण सांगता येणार नाही, कारण आमदाराने हॉटमिक्स केलं की रस्ता कोणाचा ते सगळे विसरतात. पंचायतीच्या मालमत्तेचं रजिस्टर असतं, आमच्याकडचं काढायला सांगितलं तर कपाटाची चावी शोधण्यात एक दिवस गेला, आणि उघडलं तर शेवटची नोंद एका स्मशानशेडची, त्यानंतर कोणी हात लावलेला नाही. पायवाटा, साकव, सार्वजनिक विहिरी, तळ्याची कड, खेळाचं मैदान हे सगळं त्यात आलं असेल तर टॉवरचं लोखंड वाहून नेणाऱ्या ट्रकला कुठून ना कुठून पंचायतीच्या जागेवरून जावंच लागतं. टॉवर खाजगी भाटात उभा राहील, पण तिथपर्यंत तो उडत येत नाही.

हे मी अनुभवाने सांगतोय. आमच्या गावावरून एक जुनी लाइन जातेच, सात-आठ वर्षांपूर्वी तिच्या दुरुस्तीचं काम निघालं. ओढ्यावर चिऱ्यांचा एक साकव होता, वाडीतल्या लोकांनी कधीतरी बांधलेला, त्याच्यावरून शाळेतली पोरं जायची आणि उन्हाळ्यात काजूच्या बोंडांच्या टोपल्या. कॉन्ट्रॅक्टरने त्याच्यावरून ड्रम चढवलेला ट्रॅक्टर घातला, तारेचा ड्रम, माणसापेक्षा उंच असतो तो. साकवाचा मधला चिरा खाली बसला, बाजूचे दोन कलंडले. सुपरवायझर भला माणूस होता, म्हणाला काम संपल्यावर बांधून देतो, चहा पण प्यायला आमच्याकडे. काम मेमध्ये संपलं, माणसं गेली, जूनमध्ये ओढा आला आणि उरलेला साकव घेऊन गेला. नंतर पंचायतीने पत्र दिलं तर उत्तर आलं की काम कॉन्ट्रॅक्टरला दिलेलं, कॉन्ट्रॅक्टर म्हणाला माझं बिल पास होऊन फाइल बंद झाली, आणि तुमच्याकडे लिहून काय आहे? लिहून काहीच नव्हतं. त्या पावसात पोफळीची दोन खोडं आडवी टाकून लोक ये-जा करायचे, शेवाळ धरलेली, दोनदा माणूस घसरला. पुढच्या वर्षी आमदार निधीतून काँक्रीटचा पाइप बसला आणि त्याचं उद्घाटन पण झालं, म्हणजे दुसऱ्याने मोडलेल्या साकवाचे पैसे शेवटी आपल्याच खिशातून गेले आणि वर नारळ फोडायला पण आपणच.

तेव्हा पंचायतीने कामाआधी एक साधा कागद केला असता, की या या रस्त्यांवरून जाणार, कामाआधी व्हिडिओ काढणार, एवढं डिपॉझिट ठेवणार, जून ते सप्टेंबर अवजड गाडी आणणार नाही, तर हे झालं नसतं. याला कुठल्या मोठ्या क्रांतीची गरज नव्हती.

आता भरपाई. यावर मी थोडा जास्त वेळ घेणार, कारण गोव्यात हा विषय बाकीच्या राज्यांसारखा सरळ नाही. केंद्राच्या २०१५ च्या गाइडलाइन्समध्ये टॉवरखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के असं होतं. जून २०२४ मध्ये ते वाढवून टॉवरखाली २०० टक्के आणि पट्ट्याला ३० टक्के केलं, २०२५ मध्ये शहरी भागांसाठी पट्ट्याचे दर आणखी वर नेले, नगरपालिका क्षेत्रात ४५ आणि महापालिका, महानगरांत ६० टक्के. आकडे चांगले दिसतात, पण या गाइडलाइन्स आहेत, राज्याने आदेश काढून अंगीकारल्या तरच त्यांचा उपयोग. आणि जमिनीची किंमत कुठली धरायची? सरकारी दर धरला तर बाजारभावाशी त्याचा संबंध चुलत नात्याचा.

पण खरी अडचण त्यापुढची, पैसे द्यायचे कोणाला. आमच्याकडचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्याचा सातबारा, कधी बघितलाय? एका भाटाच्या उताऱ्यावर अकरा नावं, त्यातले सहा वारलेले, दोघं पोर्तुगालला, एक कुवेतला, आणि आपल्या सिव्हिल कोडप्रमाणे नवरा-बायको दोघांचा हिस्सा म्हणून प्रत्येकाच्या मागे अजून एक सही. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांची कोर्टातली वाटणी, झालेली नाही. ज्याने आयुष्यभर तिथे पोफळी शिंपल्या, मिरवेल चढवली, पाट उपसले त्याचं नाव कूळ म्हणून दुसऱ्या रकान्यात, किंवा तेही नाही आणि मामलेदाराकडे त्याची केस वडिलांच्या हयातीपासून पडलेली. जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावकऱ्यांच्या जुन्या सामायिक संस्थेची, असेल तर अजून वेगळं. घर मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं, असेल तर घर त्याचं, जमीन भाटकाराची (जमीनमालकाची) आणि डोक्यावरची तार दोघांच्या. अशा ठिकाणी कंपनीचा माणूस काय करतो, उताऱ्यावरच्या ज्या नावाचा फोन लागतो त्याला गाठतो, तो पणजीला फ्लॅटमध्ये राहतो, त्याने वीस वर्षांत भाट बघितलेलं नाही, तो सही करून चेक घेतो. आणि पोफळी तुटतात कुळाच्या. पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात आणि ४०० केव्हीच्या पट्ट्यात परत लावता येत नाही, पोफळ नको, माड नको, फणस नको, उंच काहीच नको. भात चालतं, भाजी चालते, अननस चालेल. आता कुळागर म्हणजे मुळात वरची सावली आणि खालचा गारवा, वरचं छत गेलं की खालची वेलची आणि मिरी आपोआप जाते, तिची कोणी मोजणी करत नाही कारण ती "झाड" नाही.

म्हणून अटींमध्ये पहिली ही असावी असं मला वाटतं की झाडांची मोजणी सर्व्हे नंबरवार, कसणाऱ्या माणसाच्या समोर, पंचायतीचा एक माणूस हजर ठेवून, आणि मोजणीची यादी पंचायतीच्या बोर्डावर लागली पाहिजे. बोर्डावर यादी लागली की गावात कोण कसतो ते लपत नाही, मामलेदाराला कळायला तीस वर्षं लागतात ते चहाच्या गाड्यावर तीस मिनिटांत कळतं. झाड तोडायला १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा गोव्यात आहेच, पण त्यात कूळ कोण ते बघायची सोय नाही.

या सगळ्याला दोन्ही बाजूंनी हरकत येणार, मला आधीच आलीय. आमच्यातल्याच तरुण पोरांचं म्हणणं, अटी घातल्या म्हणजे लाइन मान्य केली, कोर्टात तेच आपल्यावर उलटेल. ही हरकत मी सगळ्यात गंभीर धरतो कारण ती पोरं मोलेच्या आंदोलनात फिरलेली आहेत. पण त्याला उपाय आहे, ठराव दोन भागांत लिहायचा, पहिल्यात विरोध आणि त्याची कारणं, दुसऱ्यात "वरील विरोध व सर्व हक्क अबाधित ठेवून" म्हणून अटी. वकील रोज असंच लिहितात, घरभाड्याच्या नोटिशीत पण लिहितात. विरोधाने सगळं थांबेल या भरवशावर अटी न लिहिणं म्हणजे पाऊस पडणार नाही म्हणून घर न शाकारणं.

आणि मोलेचंच उदाहरण घ्या. तिथे जे झालं ते ऐकीव नाही. रेल्वेचं डबल ट्रॅकिंग, हायवेचं चौपदरीकरण आणि तमनार प्रकल्पाची ४०० केव्ही लाइन, तीन प्रकल्प भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यानातून, त्याच्याविरुद्ध लोक उभे राहिले, २०२० च्या नोव्हेंबरात चांदरला रात्री रुळांवर बसले. सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या केंद्रीय सक्षम समितीने २०२१ मध्ये अहवाल दिला आणि २०२२ मध्ये कोर्टाचे आदेश आले. लाइनबद्दल समितीने काय सुचवलं आणि कोर्टाने काय उचललं? जंगलातून नवा पट्टा पाडू नका, आधीच असलेल्या लाइनच्या कॉरिडॉरमधून न्या. म्हणजे लढा इतका मोठा, इतका चांगला, आणि निकाल काय तर लाइन नको असा नाही, लाइन अशी न्या असा. "कसं" ला "हो-नाही" पेक्षा जास्त किंमत मिळाली. जंगल वाचलं याचा मला आनंद आहे आणि तो मी लपवत नाही, पण जुन्या कॉरिडॉरखाली जी गावं आहेत, ज्यांच्या डोक्यावर आधीच एक लाइन आहे, त्यांनी त्यांच्या अटी लिहून ठेवल्यात का, हे मला कोणी सांगत नाही.

दुसऱ्या बाजूची हरकत वरून येते, इंजिनिअर, उद्योगवाले आणि आमचा एक मेहुणा जो वेर्ण्याला फॅक्टरीत आहे. तो म्हणतो भाऊजी, तुम्हाला एसी पाहिजे, इंडक्शन पाहिजे, आता इलेक्ट्रिक स्कूटर पण घेतलीत, मग वीज येणार कुठून? बरोबर आहे त्याचं. गोव्यात स्वतःची वीजनिर्मिती नावापुरती, आपली वीज येते ती छत्तीसगडच्या कोरब्याहून, मध्य प्रदेशच्या विंध्याचलहून, दक्षिणेकडून रामगुंडमहून. राज्यात शिरायच्या मुख्य वाटा जुन्या, एक कोल्हापूरकडून उत्तर गोव्यात, ४०० केव्हीची, एक कर्नाटकातल्या आंबेवाडीहून फोंड्याला, २२० केव्हीची. एक पडली की दुसरीवर भार. एप्रिल-मेमध्ये रात्री दोन वाजता लाइट जाते तेव्हा त्याचं कारण दरवेळी गावातला ट्रान्सफॉर्मर नसतो. तमनार प्रकल्प आला तो आणखी एक ताकदीची वाट म्हणून, धारवाडकडच्या नरेंद्रहून शेल्ड्याला आणि पुढे म्हापशाकडे, सांगोडला सबस्टेशन. कर्नाटकाने त्यांच्या हद्दीतल्या जंगलावरून अडवून धरलं आणि त्याला म्हादईच्या भांडणाचा वास पण लागला, तो वेगळा विषय. मुद्दा हा की लाइन लागते. मी लाइनच्या विरोधात नाही, मला एवढंच म्हणायचंय की जी वस्तू अख्ख्या राज्याला लागते तिच्यासाठी एका वाडीचा साकव का मोडावा आणि मोडला तर एका वाडीने का बांधावा.

मेहुण्याचा पुढचा मुद्दा, पंचायतीला यातलं काय कळतं, टेक्निकल गोष्ट आहे. टॉवरचं गणित नाही कळत, मान्य. पण ओढ्याला पाणी कधी येतं, पुराची रेघ कुठपर्यंत, जत्रेला पालखी कुठल्या रस्त्याने जाते, वायंगणाचं, म्हणजे उन्हाळी भाताचं, पाणी कुठल्या पाटाने फिरतं आणि त्या पाटावर जेसीबी चालला तर खालची किती शेतं सुकतात, हे इंजिनिअरला कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये दिसणार? आणि खर्च वाढेल म्हणतात. वाढू दे थोडा. या लाइनी आता टेंडरने जातात, जी कंपनी वर्षाचं शुल्क कमी सांगेल तिला काम, मग कंपनीला रेघ जेवढी सरळ आणि काम जेवढं लवकर तेवढा फायदा. त्या सरळ रेघेचा खर्च कोणीतरी भरतोच, फक्त तो टेंडरमध्ये दिसत नाही. अटी आधीच लिहिलेल्या असतील तर बोली लावणारा त्या धरून बोली लावेल, नंतर आल्या तर त्याला अडवणूक वाटते आणि त्यात त्याचं पण काही चुकत नाही.

कोणीतरी नेहमी म्हणतं, अंडरग्राउंड करा की. ११ आणि ३३ केव्हीचं होतं, आपल्याकडे झालंय, करायलाच पाहिजे. ४०० केव्हीला खर्च कित्येक पटीने जातो आणि केबलच्या चरावर पण झाड लावता येत नाही, म्हणजे कुळागरातून गेलं तर कुळागर तसंच जातं. मागणी करा पण तिच्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

तब्येतीचं भय मात्र हसण्यावारी नेऊ नये. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं तसं कॅन्सर निश्चित वगैरे काही नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये अशा कमी फ्रिक्वेन्सीच्या चुंबकीय क्षेत्राला "कदाचित" या गटात टाकलंय, पुरावा मर्यादित म्हणूनच. पण ज्याच्या अंगणावरून तार जाणार त्याला "काही होत नाही हो" असं तोंडी सांगून भागत नाही. लाइन चार्ज झाल्यावर सगळ्यात जवळच्या घरात मोजमाप करा आणि आकडा लेखी द्या, ही अट घातली तर कंपनीचं काय बिघडतं?

एक भीती मला स्वतःला आहे आणि ती कोणी काढली नाही म्हणून मीच काढतो. आमच्या गावाने कडक अटी घातल्या तर रेघ सरकून शेजारच्या गावात जाईल, जिथे सरपंच मऊ आहे किंवा लोक गरीब आहेत किंवा निम्मी घरं बंद आहेत. जोरात ओरडणाऱ्या गावातून निघालेला टॉवर गप्प गावात जाऊन उभा राहतो. म्हणून एकेका पंचायतीने सुटं सुटं लढण्यात अर्थ नाही, रेघ ज्या ज्या गावांतून जाते त्या सगळ्या पंचायतींनी एकत्र बसून एकच मसुदा करावा. हे खरं तर जिल्हा पंचायतीचं काम, पण आपल्या दोन जिल्हा पंचायतींकडे किती अधिकार आणि किती पैसे आहेत ते सदस्यांनाच विचारा, ते स्वतःच सांगतील रडत रडत. सरकारने पंचायत राज कायद्यात, १९९४ च्या, पारेषणासाठी एक नमुना नियमावली घातली तर बरं, पण तिची वाट बघत बसलो तर टॉवरला गंज चढायची वेळ येईल.

सध्या आम्ही पाच-सहा जण रोज संध्याकाळी देवळाच्या ओसरीवर बसून मसुदा लिहितोय. पहिल्या ओळीत सर्व्हे नंबर दाखवणारा मोठ्या स्केलचा नकाशा, तो आल्याशिवाय पुढचं काही नाही. नकाशासाठी पंचायतीने पुन्हा अर्ज पाठवलाय. पावसाळ्यात काम नको यावर एकमत आहे, मोजणी कुळासमोर यावर एका भाटकाराच्या मुलाने तोंड वाकडं केलं पण शेवटी मान्य केलं. डिपॉझिट किती मागायचं यावर मात्र रोज भांडण होतं. एक पंच म्हणतो सरळ दहा लाख लिहा, दुसरा म्हणतो एवढं लिहिलं तर कलेक्टर "वाजवी" नाही म्हणून अटच उडवून लावेल. माझं म्हणणं, बांधकाम खात्याचं दरपत्रक घ्या, ज्या रस्त्याने ट्रक जाणार तो टेप लावून मोजा, मीटरमागे दर लावा आणि साकवांचे वेगळे धरा, मग कोणाला वाजवी-अवाजवी बोलायला तोंडच राहणार नाही. टेप माझ्याकडे आहे, पन्नास मीटरची. रविवारी सकाळी आठला ओढ्याकडून सुरुवात करायची ठरलीय, दुसरं टोक धरायला माणूस पाहिजे.